करार मोडला, तरी तंत्रज्ञान मुरलं

माझ्या पीएचडीचा विषय ऐकून काका म्हणाले, "त्यात काय एवढं? मशिनं आणायची आणि चालवायची!" हा समज कुठे फसतो ते बांगलादेशच्या एका कारखान्याच्या इतिहासातून छान कळतं.

साल १९७९. बांगलादेशातून तयार कपड्यांची निर्यात नावापुरतीच होत होती. तिकडे दक्षिण कोरियाच्या मालावर अमेरिका-युरोपने कोटा लावलेला, त्यामुळे देवू कंपनीला कोटा नसलेला देश हवाच होता. तिने नूरुल कादिर यांच्या 'देश गारमेंट्स'शी करार केला. विक्रीच्या ८ टक्के रक्कम रॉयल्टी आणि कमिशन म्हणून देवूला मिळणार होती. म्हणजे शिकवणाऱ्याचाही स्वार्थ होता, आणि ते बरंच झालं!

पण करारातली खरी मोलाची गोष्ट यंत्रं नव्हती. 'देश'ने १३० माणसं सहा महिन्यांसाठी कोरियात, बुसानच्या चालू कारखान्यात पाठवली. तिथे ती शिलाईबरोबरच कामाची आखणी आणि दर्जा तपासणीही शिकली. या गोष्टी नुसतं पुस्तक वाचून येत नाहीत, शेजारी उभं राहूनच येतात.

१९८० मध्ये चितगावचा कारखाना सुरू झाला. पहिल्या वर्षी ४३,००० शर्ट निघाले. १९८१ मध्येच 'देश'ने करार मोडला, तरी १९८७ मध्ये आकडा २३ लाखांवर गेला.

आता गंमत बघा. त्या १३० पैकी ११५ जण ऐंशीच्या दशकात नोकरी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. भांडवल नसलेल्यालाही हे जमलं, कारण तोवर दोन सोयी झाल्या होत्या: निर्यातीसाठीचं कापड करमुक्त आणता येई, आणि परदेशी ऑर्डरच्या जोरावर बँक त्या कापडाची हमी घेई. या सोयींसाठी धडपडणाऱ्यांत कादिर स्वतःच होते.

कंपनीच्या हिशेबात ही गळती. देशाच्या हिशेबात मात्र एका उद्योगाची पेरणी. शिकलेल्यांना बाहेर वाटच नसती, तर ते ज्ञान एकाच कारखान्यात अडकून पडलं असतं.

माझ्या प्रश्नावलीत आधी विचारलं होतं, 'करार किती वर्षं टिकला?' आता त्याखाली आणखी एक प्रश्न घातलाय: 'शिकलेली माणसं पुढे कुठे गेली?'