कुंडल रोडची फौंड्री आणि सिलिकॉनची फौंड्री

अर्धवाहक उद्योगाविषयीच्या बातम्यांत 'फौंड्री' हा शब्द हमखास भेटतो. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला तो परका वाटायचे कारण नाही. गिऱ्हाइकाने लाकडी पॅटर्न आणायचा, फौंड्रीने त्यावरून वाळूचा साचा करून लोखंड ओतून द्यायचे, हा धंदा या भागात वर्षानुवर्षे चालत आला आहे. मॉरिस चँग यांनी १९८७ साली तैवानात टीएसएमसी ही कंपनी काढली, तिची रीत नेमकी हीच होती. आराखडा गिऱ्हाइकाचा, घडवणे आमचे. सिलिकॉनच्या धंद्याने हा शब्द लोखंडाच्या धंद्याकडूनच उचलला. म्हणून या उद्योगाबरोबर चालणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कुंडलपासून विचारायला आम्हाला तरी हरकत दिसत नाही.

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना हलवला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेली ती सुमारे ३२ एकर जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ होता. या वसाहतीचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली आणि स्टेशनाचे नावही तेच झाले. लोखंडी नांगर त्या काळी जगाला नवा नव्हता. परदेशी नांगर पाहायला मिळत होते. लक्ष्मणरावांनी तसा नांगर इथल्या बैलांना आणि इथल्या जमिनीला साजेल असा केला. सुरुवातीला तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती, आणि ती मोडायला दोन वर्षे लागली. १९२६ च्या सुमारास याच माळावर पाण्याचे पंप तयार होऊ लागले.

ही कहाणी आपण नेहमी जिद्दीची म्हणून सांगतो. तिची तांत्रिक बाजू मात्र आमच्या मते पुरेशी सांगितली जात नाही. नांगर समोर ठेवला की त्याची मापे घेता येतात, लाकडी पॅटर्न करता येतो. अवघड असतो तो फाळ. तो झिजता कामा नये, म्हणून कडक हवा. ओतीव लोखंड वाळूत सावकाश थंड झाले तर त्यातील कार्बन ग्राफाइटच्या रूपाने वेगळा होतो आणि लोखंड करड्या रंगाचे, तुलनेने मऊ राहते. साच्यात लोखंडी तुकडा बसवून तोच रस चटकन थंड केला, तर कार्बन लोखंडाशी संयोग पावून राहतो आणि पांढरे, अतिशय कडक बीड मिळते. ही कृती तयार फाळावर लिहिलेली नसते. पण फाळ मोडून पाहिला तर तुटलेला भाग करडा की पांढरा हे डोळ्यांना दिसते. दहा प्रयोग फसले तरी अकरावा साधतो, आणि एकदा साधला की ते ज्ञान पंचवीस वर्षे पुरते.

सिलिकॉनही वाळूचाच भाऊबंद आहे. ओतकामात वाळू साच्यासाठी लागते, इथे सिलिकापासून खुद्द सिलिकॉन काढून त्याचा स्फटिक वाढवतात आणि त्याच्या पातळ चकत्या कापतात. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला तो जर्मेनियमचा होता. १९५८-५९ मध्ये किल्बी आणि नॉइस यांनी स्वतंत्रपणे एकात्मिक मंडलाची कल्पना साकारली. त्यानंतर सिलिकॉनचे राज्य सुरू झाले. या चकतीत सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत फॉस्फरस किंवा बोरॉनचे अणू शिरवावे लागतात. सिलिकॉनच्या पन्नास लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला, तरी त्याची वाहकता काही लाख पटींनी वाढते. तयार चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिचा नकाशा मिळेल. भट्टी किती वेळ तापवली, कोणता वायू किती वेगाने सोडला, धूळ कशी आवरली, शंभरांतल्या किती चिपा फुकट गेल्या, यातले फारसे काही त्या तुकड्यावरून कळत नाही.

दुसरी अडचण काळाची. एका तुकड्यावरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असे गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहिले, आणि १९७५ साली तो अवधी दोन वर्षांचा केला. वर्गात हे ताडून पाहता येईल. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते, २०२० च्या ॲपल एम-१ मध्ये १६०० कोटी. ही वाढ सुमारे ७० लाख पट, म्हणजे जवळजवळ २३ वेळा दुप्पट. ४९ वर्षांना २३ ने भागले की दोन वर्षांहून थोडा अधिक काळ येतो. फाळाची कृती पंचवीस वर्षे पुरली असेल, इथे मोठ्या कष्टाने मिळवलेली कृती पाच वर्षांत दोन पिढ्या मागे पडते.

भारताने सुरुवात उशिरा केली असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्येच जर्मेनियमची अर्धवाहक साधने बनवायला घेतली. होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली १९६३ साली नेमलेल्या समितीचा इलेक्ट्रॉनिक्सवरील अहवाल १९६६ मध्ये आला. पण चिपांचा स्वतंत्र कारखाना मोहालीला मंजूर झाला तो १९७६ मध्ये, आणि उत्पादन सुरू झाले १९८४ मध्ये. तंत्र ५ मायक्रॉनचे, म्हणजे सर्वांत बारीक रेघ केसाच्या जाडीच्या चौदाव्या भागाएवढी. १९८५ साली बाजारात आलेला इंटेल ८०३८६ हा १.५ मायक्रॉनचा होता. मंजुरी ते उत्पादन यातल्या आठ वर्षांत जग पुढे निघून गेले होते. तरीही मोहालीच्या मंडळींनी पुढच्या काही वर्षांत हे अंतर बरेच कमी केले, याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळते. मग ७ फेब्रुवारी १९८९ रोजी कारखान्याला आग लागली.

त्या आगीने आपले अर्धवाहकांचे स्वप्न जाळले असे लिहिण्याची पद्धत आहे. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. यंत्रे जळाली ती पुन्हा विकत घेता येतात. पुन्हा उभारणीत जी वर्षे गेली ती घेता येत नाहीत, आणि त्या वर्षांत कृती हातात असलेली माणसे पांगतात. किर्लोस्करवाडीतही पहिल्या महायुद्धाच्या काळात बिडाचा तुटवडा पडला होता. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. तिथे माणसे आणि कृती जागेवर होत्या, उणीव फक्त मालाची होती.

अब्जावधी डॉलरांच्या कारखान्याशिवायही अर्धवाहकांत काम करता येते, याचे उदाहरण कुंडलहून दूर नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अर्धवाहकांच्या पातळ थरांवर अनेक वर्षे संशोधन चालले. कॅडमियमच्या क्षाराचे द्रावण, अमोनिया आणि थायोयुरिया यांत काचपट्टी बुडवून द्रावण मंद तापवले की काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर बसतो. त्याचा ऊर्जापट्टा सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंद असल्याने निळा प्रकाश शोषला जातो, म्हणून तो पिवळा. (कॅडमियम विषारी आहे, शाळेत हा प्रयोग करू नये.) या रासायनिक पद्धतींचा आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला आढावा जगभरच्या संशोधकांनी उद्धृत केला आहे. सौरघटांसाठी असे थर लागतात. संगणकाच्या चिपा या वाटेने होत नाहीत हेही स्पष्ट सांगायला हवे.

मोहालीचा कारखाना आज अंतराळ विभागाकडून इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे आला आहे, आणि १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर काम करतो. इंटेलने हे तंत्र १९९९ मध्ये वापरले होते. तरीही प्रक्षेपकांसाठी 'विक्रम-३२०१' हा ३२ बिटांचा प्रक्रियक इथेच घडला आणि मार्च २०२५ मध्ये इस्रोला सुपूर्द झाला. प्रक्षेपकाला सर्वांत लहान ट्रान्झिस्टर नको असतो, कंपने आणि तापमानातले चढउतार सोसणारा हवा असतो. लक्ष्मणराव नांगर ओतत होते तेव्हा अमेरिकेच्या शेतांत ट्रॅक्टर आले होते, आणि बैलांच्या शेतीला ट्रॅक्टर काही कामाचा नव्हता.

मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा येथे टाटांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. तंत्र तैवानच्या पॉवरचिप कंपनीचे, आणि योजलेली सर्वांत बारीक पिढी २८ नॅनोमीटरची. (हे आकडे अलीकडे प्रत्यक्ष मापे राहिलेले नाहीत, पिढ्यांची नावे झाली आहेत.) टीएसएमसीने ही पिढी २०११ मध्ये बाजारात आणली. मोटारींना आणि घरगुती उपकरणांना लागणाऱ्या पुष्कळ चिपा यात बसतात. यंत्रे आणि नकाशे जहाजाने येतील. भट्टीपुढे उभे राहून आज चिपा का फुकट जात आहेत हे ओळखणारे तंत्रज्ञ मात्र इथल्याच महाविद्यालयांतून आणि तंत्रनिकेतनांतून घ्यावे लागतील, आणि चांगला ओतारी तयार व्हायला किती वर्षे लागतात हे किर्लोस्करवाडीच्या परिसरात कोणालाही विचारावे.