बर्मिंगहॅमची काळी एक

सगळ्यांत थोर हेवी मेटल बँड कोणता, हा वाद मी नागपूरच्या होस्टेलमध्ये पहिल्यांदा ऐकला. नव्वदचं दशक होतं. कॅसेटी सीताबर्डीहून यायच्या, एकीवरून दुसरी भरली जायची, आणि रात्री मेस बंद झाली की गट पडायचे. बहुतेक पोरं मेटॅलिकाची. माझा खोलीतला सोबती आयर्न मेडनसाठी जीव टाकणारा. एक-दोन वडीलधारी मुलं डीप पर्पलचं नाव घ्यायची. मी एकटा ब्लॅक सॅबथचा. "का बे, सॅबथ ऐकून झोप येते," असं सोबती म्हणायचा. त्या वाक्यात अख्ख्या वादाचं मूळ होतं. मेटल म्हणजे वेग, असं त्यांनी धरलं होतं. मेटल म्हणजे वजन, असं मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. हे वजन कुठून आलं, त्याचा इतिहास पाहिला की थोर कोण हे आपोआप ठरतं.

१९६५ साल, बर्मिंगहॅम. सॅबथचा भावी गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा होता आणि पत्र्याच्या कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस होता. त्यानंतर तो गिटार घेऊन दौऱ्यावर जाणार होता. प्रेस मशीनवरचा कामगार आला नाही म्हणून त्याला तिथे बसवलं. मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. आगीत होरपळल्यामुळे दोन बोटं निकामी झालेली असूनही जँगो युरोपातला मोठा जॅझ गिटारवादक झाला होता. आयोमीने ते ऐकलं, प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि पुन्हा वाजवायला लागला. जाड तारा दाबवत नव्हत्या, म्हणून त्याने बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारांचा ताणही कमी केला. ताण कमी केला की स्वर खाली उतरतो. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये हा उतरलेला स्वर पहिल्यांदा भरभरून ऐकू येतो.

किती उतरलेला, हे मला माझ्या वडिलांच्या पेटीने सांगितलं. आमचं घर मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरचं. बाहेर हिंदी, घरात मराठी, आईचं माहेर गोंदियाकडचं. वडील मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत नोकरीला होते आणि दर गुरुवारी भजनाला पेटी वाजवायचे. एका सुट्टीत मी सॅबथची कॅसेट लावून पेटीवर स्वर शोधत बसलो. गिटारची खालची तार नेहमी पांढरी तीनमध्ये असते. ही लागली काळी एकमध्ये. वडील पलीकडे बसून ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, ही तर आपली गाण्याची पट्टी." काळी एक म्हणजे कितीतरी पुरुष गायकांची रोजची पट्टी. दुखऱ्या बोटांना आराम म्हणून एका कामगाराने तारा सैल केल्या आणि स्वर आमच्या भजनाच्या पट्टीत येऊन बसला.

त्याहून मोठा शोध त्याच दिवशी लागला. सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी आला. त्यातलं बँडच्याच नावाचं गाणं तीन स्वरांवर उभं आहे: षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला शेकडो वर्षांपासून सैतानाशी जोडलेलं आहे. ते कानाला टोचतं, अधांतरी ठेवतं, कुठे विसावू देत नाही. आपल्याकडे तीव्र मध्यमाची कुणाला भीती नाही. यमनमध्ये तो रोज संध्याकाळी भेटतो. पण यमनात तो पंचमाकडे जातो आणि शांत होतो. आयोमी त्याला पंचमापर्यंत जाऊच देत नाही. तिथेच थांबवतो, कंपवतो, आणि पुन्हा षड्जावर आपटतो. मेटलची व्याख्या मला कुणी एका वाक्यात मागितली तर मी हीच देईन: खाली उतरलेला स्वर, मुखड्यासारखी परत परत येणारी छोटी स्वरावली, म्हणजे रिफ, आणि सुटका न देणारा ताण. आवाज, वेग, लांब केस, काळे कपडे हे सगळं नंतरचं.

सॅबथमधले चौघेही ॲस्टन या कामगार वस्तीतले. गायक ऑझी ऑझबर्नने खाटिकखान्यात काम केलं. मोटारींचे हॉर्न जुळवण्याच्या ज्या कारखान्यात आई होती, तिथेही तो होता. दिवसभर हॉर्न ऐकणारा मुलगा. जूडस प्रीस्ट हा बँडही त्याच परिसरातला. त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन ब्रिटिश स्टीलमध्ये उमेदवारी करून आलेला. गायक रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलचा, ओतशाळांच्या गावात वाढलेला. १९८०मध्ये त्यांनी अल्बमचं नावच 'ब्रिटिश स्टील' ठेवलं. त्यात यंत्रांचे आवाज हवे होते, तर त्यांनी काट्या-चमच्यांचे ट्रे हलवून ते ध्वनिमुद्रित केले.

बालाघाट जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. पोलादात मँगनीज लागतंच, आणि मँगनीज म्हणजे आमचा जिल्हा. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी १८९६ची. तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली आणि १९६२मध्ये तिच्यातून आजची मॉइल ही कंपनी उभी राहिली. भरवेली, उकवा या खाणी तिच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया-बालाघाट-जबलपूर ही छोटी रेल्वे लाईन झाली, आणि मध्य प्रांतातलं मँगनीज बंदरांवरून ब्रिटनच्या पोलाद भट्ट्यांकडे जाऊ लागलं. आमच्याकडचा कोणता दगड बर्मिंगहॅमच्या कोणत्या पत्र्यात गेला, ते सांगता येणार नाही. पण त्या पोलादाचं एक टोक आमच्या डोंगरात होतं एवढं खरं. बैहरहून बालाघाटला घाट उतरताना उकव्याची काळी धूळ अजून दिसते. मलाजखंडचा तांब्याचा प्रकल्प १९८२मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते देशाला अर्पण झाला. तिथल्या कॉलनीत वाढलेल्या पोरांना सुरुंगाचा हादरा आधी तळपायाला कळायचा, मग कानाला. सॅबथ तसाच ऐकावा लागतो, तळपायातून वर.

वादात लेड झेपेलिन आणि डीप पर्पल येतातच. झेपेलिनचे गायक प्लँट आणि ड्रमर बॉनहॅम बर्मिंगहॅमच्याच भागातले, तरी मी त्यांना मेटल म्हणत नाही. त्यांचा जीव ब्लूजमध्ये आणि लोकगीतात अडकलेला होता. पर्पलला १९७२च्या लंडनमधल्या एका कार्यक्रमासाठी गिनीज बुकाने जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हटलं. आवाज मोठा होता, पण जॉन लॉर्डचा ऑर्गन चर्च आणि जॅझच्या वाटेने जायचा. हे थोर बँड आहेत. आजोळ म्हणावं तर आहेच, घर मात्र वेगळं.

वेगवाल्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेतो, कारण त्यांच्याकडे १९८६ साल आहे. मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि स्लेयरचा 'रेन इन ब्लड' एकाच वर्षी आले. स्लेयरची दहा गाणी जेमतेम एकोणतीस मिनिटांत संपतात. ही मुलं कॅलिफोर्नियाची, कारखान्याशी त्यांचा फारसा संबंध नाही, त्यामुळे मेटल कारखान्यांतून आलं हा माझा ओतशाळेचा सिद्धांत तिथे सरळ लागू पडत नाही हे मान्य करायला हवं. पण मेटॅलिकाने १९९१मध्ये काय केलं ते पाहा. निर्माता बॉब रॉकला घेऊन त्यांनी गाणी हळू केली, आणि 'सॅड बट ट्रू'साठी तारा पांढरी दोनपर्यंत उतरवल्या. त्या वर्षीचा अल्बम हाच त्यांचा सर्वांत जास्त खपलेला. जगातला गाजलेला वेगवान बँड वीस वर्षांनी आयोमीच्या दारात आला. आणि वेगाची परिसीमा गाठणारा नेपाम डेथ कुठला? बर्मिंगहॅमच्याच परिसरातला. १९८७च्या 'स्कम'मधलं त्यांचं एक गाणं सेकंद-दीड सेकंदाचं आहे. दोन्ही टोकं एकाच परिसरात सापडतात.

मराठी मुलखात हे संगीत मुंबईतून आलं. धोबी तलावचं रंगभवन, झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं नाट्यगृह, ही त्याची खरी जागा. जॅझ यात्रा हा महोत्सवही तिथलाच. महेश तिनईकर यांनी १९८४मध्ये रॉक मशीन हा बँड उभा केला. त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम १९८८चा, आणि त्यात दुसऱ्यांची गाणी वाजवण्याऐवजी स्वतःची गाणी होती. तो काळ पाहता ही मोठी हिंमत. १९८६पासून फरहाद वाडिया यांनी रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू केला आणि ऑगस्टच्या पावसात भिजत ऐकणाऱ्यांची पिढी तयार झाली. मग ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र. रंगभवनच्या आसपास रुग्णालयंही आहेत आणि कॉलेजंही, म्हणून तिथले असे कार्यक्रम बंद झाले. नियमाचं कारण योग्य होतं. पण पर्यायी जागा शहराने दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. उघड्यावरची, स्वस्त तिकिटाची, लोकलने पोहोचता येणारी जागा गेली आणि मेटल क्लबांमध्ये गेलं, जिथे आत जायलाच पैसे लागतात. डिमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, झायग्नेमा, स्क्राइब हे मुंबईचे बँड त्या अडचणीत वाढले. डिमॉनिक रिझरेक्शनला २०१०मध्ये लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा जागतिक पुरस्कार मिळाला, आणि २०१७मध्ये त्यांनी 'दशावतार' नावाचा अल्बम केला, एकेका अवतारावर एकेक गाणं.

मुंबईबाहेरच्या आम्हा मुलांना खरा आधार 'रॉक स्ट्रीट जर्नल'चा. अमित सैगल यांनी १९९३मध्ये ते काढलं ते अलाहाबादहून. महानगरातून नाही, आमच्यासारख्याच गावांच्या पट्ट्यातून. अंक हातोहात फिरून फाटायचे. वाद तोवर नुसत्या आवडीनिवडीचा होता. त्या पानांमुळे त्याला साल, गाव, वादकांची नावं मिळाली.

माझ्या मेडनवाल्या सोबत्याचं ऋण इथे मान्य केलं पाहिजे. १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात केली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोईंग ७५७ चालवत होता. आदल्या वर्षी ते बंगळुरूला येऊन गेले होते, पण दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, ही गोष्ट वेगळी होती. सोबती गेला होता. परत आल्यावर त्याचा घसा पूर्ण बसला होता, आणि त्या बसक्या आवाजात तो मला बेसवादक स्टीव्ह हॅरिसच्या बोटांबद्दल सांगत राहिला. मेडनने मेटलला कथा दिली. 'द ट्रूपर'मध्ये क्रिमियाच्या युद्धातलं घोडदळ आहे. कोलरिजच्या दीर्घ कवितेवर तेरा मिनिटांपेक्षा मोठं गाणं आहे. दोन गिटारी एकमेकींच्या वर-खाली चालतात आणि हॅरिसचा बेस खालून घोड्यासारखा दौडतो. कथेसाठी, शिस्तीसाठी, श्रोत्यांवरच्या मायेसाठी मेडन पहिला, असं तो म्हणतो. तेवढ्यापुरतं मी कबूल करतो.

पण माझ्या यादीत दुसरं नाव सेपल्टुराचं आहे, आणि त्याचं कारण बैहर. हा बँड १९८४मध्ये ब्राझीलच्या बेलो ओरिझोंत शहरात सुरू झाला. ते मिनास जेराइस या खाणींच्या राज्याचं मुख्य शहर. लोखंड, मँगनीज तिथलंच. १९९६च्या 'रूट्स' अल्बमसाठी हे लोक मातो ग्रोसोमध्ये शावांते आदिवासींच्या वस्तीवर गेले, त्यांच्यासोबत राहिले, आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण अल्बममध्ये आलं. बैहरमध्ये मोठं झालेल्या माणसाला हे ऐकून गप्प बसवत नाही. आमच्याकडे बैगा आणि गोंड कर्मा नाचतात तेव्हा मांदर रात्रभर एकाच ठेक्यावर चालतो, टिमकी त्याला टोचत राहते, आणि पायांची ओळ हलकेच पुढे-मागे होत राहते. त्या ठेक्यात पुनरावृत्तीचं जे बळ आहे, तेच आयोमीच्या रिफमध्ये आहे. खाण आणि जंगल शेजारी असलेल्या मुलखात राहणाऱ्यांनी सेपल्टुरा एकदा तरी मोठ्या आवाजात ऐकावा. आणि मांदर वाजवणाऱ्यांना बोलवायचं तर नाव छापून, पैसे देऊन, बरोबरीने बोलवावं.

५ जुलै २०२५ला ॲस्टनच्या व्हिला पार्क मैदानात सॅबथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले. ऑझी सिंहासनावर बसून गायला. उभं राहण्याची ताकद नव्हती. त्याआधी दिवसभर मेटॅलिका, स्लेयर, अँथ्रॅक्स, पँटेरा, गोजिरा, टूल अशी रांग लागली होती, आणि त्यांनी आपल्या गाण्यांसोबत सॅबथची गाणी वाजवली. २२ जुलैला ऑझी गेला, वय ७६. होस्टेलमध्ये ज्या बँडांच्या नावाने आम्ही भांडलो, त्यांपैकी कितीतरी त्या दिवशी त्या कामगार वस्तीत हजर होते. सोबत्याला मी फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "मेडन नव्हता ना भाऊ तिथे."