बायोडेटाचा फोटो घरीच काढायचाय? ५० एमएम लेन्स घ्यावी की ८५?

मोबाईल चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला की नाक मोठं का दिसतं? कारण साधं आहे. नाकाचं टोक कानाच्या सुमारे १२ सेंटिमीटर पुढे असतं. त्यामुळे इतक्या जवळून ते कानाच्या तुलनेत साधारण ४० टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवरून हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. म्हणजे चेहऱ्याची ठेवण बिघडते ती अंतरामुळे. लेन्सचं काम फक्त दुरूनही चेहऱ्याने फ्रेम भरण्याचं.

मग लेन्स कोणती?

समजा, चाकणमध्ये दहा बाय दहाची भाड्याची खोली आहे आणि कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा आहे. त्यावर ५० एमएम लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० एमएमसारखी दिसते. कमरेपर्यंतचा उभा फोटो तिने साधारण दोन मीटरवरून बसतो. ८५ एमएमला मात्र सव्वातीन मीटर लागतात आणि दहा फूट म्हणजे जेमतेम तीन मीटर. त्यामुळे खोलीसाठी ५०च बरी. निगडीच्या दुर्गा टेकडीसारख्या मोकळ्या जागेत ८५ खुशाल वापरा.

अ‍ॅपर्चर किती ठेवायचं?

एफ/१.८ वर मागची भिंत छान धूसर होते, पण जवळून कानही धूसर होतात. एफ/२.८ ते एफ/४ ठेवा आणि फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर करा. खिडकी बाजूला घ्या, ट्यूबलाइट बंद करा.

लेन्स विकत घेण्याआधी खोली मात्र टेपने मोजा.