एरोबिक्स : सूक्ष्मदर्शकातून नृत्याकडे निघालेला शब्द

१/ दहावीच्या विज्ञानात ‘ऑक्सिश्वसन’ शिकणारा विद्यार्थी संध्याकाळी ‘एरोबिक्स’च्या वर्गाला जातो, तेव्हा आपण एकाच शब्दाला दिवसातून दोनदा भेटलो हे त्याच्या ध्यानात येत नाही. हा शब्द जन्मला तो व्यायामशाळेत नव्हे, सूक्ष्मदर्शकाखाली. आणि तोही जंतूंसाठी.

२/ १८६१. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर किण्वनाचा अभ्यास करत होते. काचपट्टीवरच्या थेंबात त्यांना नवल दिसले. मधले जंतू वळवळत होते, पण हवेला लागून असलेल्या कडेचे जंतू निश्चल झाले होते. काही जिवांना हवाच मारक ठरते, हे त्यातून उलगडले. ग्रीक भाषेत ‘एर’ म्हणजे हवा आणि ‘बिओस’ म्हणजे जीवन. त्यांवरून १८६३ मध्ये पाश्चर यांनी दोन संज्ञा घडवल्या : हवेवर जगणारे ‘आएरोबी’ आणि हवेविना जगणारे ‘आनाएरोबी’.

३/ पुढे शतकभर हा शब्द शास्त्रज्ञांच्याच वर्तुळात राहिला. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी ‘एरोबिक्स’ हे पुस्तक लिहून तो सामान्य वाचकांच्या हाती दिला. त्यांचा भर धावणे, पोहणे, सायकल चालवणे यांवर होता. नृत्याची जोड दिली ती जॅकी सोरेन्सन यांनी, १९६९ मध्ये, पोर्तो रिकोतील हवाई तळावरच्या सैनिकपत्नींसाठी. १९८२ मध्ये अभिनेत्री जेन फोंडा यांची व्यायामाची चित्रफीत आली आणि हे वेड घराघरांत शिरले.

४/ यानंतरची कथा भाषांची आहे. ब्राझीलच्या फुटबॉल संघाने १९७० च्या विश्वचषकाच्या तयारीत कूपर यांची पद्धत वापरली आणि तो चषक जिंकला. तिथल्या पोर्तुगीज भाषेने डॉक्टरांचे आडनावच उचलले. ‘कूपर करणे’ म्हणजे रमतगमत धावणे!

५/ जपानी भाषेने शब्द घेतला, पण लांबलचक ‘एआरोबिकुसु’ बोलण्यात ‘एआरोबी’ इतकाच उरला. सोव्हिएत दूरचित्रवाणीने १९८४ मध्ये संगीतावरचा हाच व्यायाम दाखवला, मात्र ‘लयबद्ध जिम्नॅस्टिक्स’ या नावाने. शीतयुद्धाच्या त्या काळात कृती पडद्यावर आली, अमेरिकी नाव मागे राहिले. आज रशियन भाषेत ‘आएरोबिका’ हा शब्द सर्रास रुळला आहे.

६/ मराठीने मात्र शब्दाची वाटणी केली. पाठ्यपुस्तकात त्याचे भाषांतर झाले : ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन. व्यायामवर्गात तो ‘एरोबिक्स’ म्हणून जसाच्या तसा राहिला. दोन्ही व्यवहार आपापल्या जागी सोयीचे. पण मधला दुवा निखळला आणि व्यायामाच्या नावातच दडलेले त्याचे शास्त्र ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचेनासे झाले.

७/ तो दुवा जोडून पाहावा. लय संथ असते तोवर स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळतो आणि तासभर नाचता येते. वेग फार वाढला की धाप लागते, पाय भरून येतात. कारण तेव्हा स्नायू काही अंशी ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवू लागतात. म्हणजे थोडा वेळ का होईना, ते पाश्चर यांच्या थेंबातल्या, हवेविना जगणाऱ्या जंतूंची वाट धरतात. वर्गाच्या दारावरच्या पाटीत हा सारा इतिहास आहे. फक्त तो मराठीत दुसऱ्याच नावाने लिहिलेला आहे.