कणकवली

कणकवली : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुका व त्याचे मुख्य ठिकाण. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग (क्र. 66, पूर्वीचा 17) आणि कोकण रेल्वे या दोन्हींवर असलेले हे शहर गड आणि जानवली या नद्यांच्या मधोमध वसले आहे. तालुक्याच्या पूर्वेस सह्याद्री व त्यापलीकडे कोल्हापूर जिल्हा, उत्तरेस वैभववाडी आणि राजापूर, पश्चिमेस देवगड व मालवण, दक्षिणेस कुडाळ. सिंधुदुर्ग म्हटले की डोळ्यांपुढे किल्ला, पुळण आणि होडी येते. कणकवली तालुक्याला मात्र समुद्रकिनाराच नाही. त्यामुळे पर्यटकांच्या यादीत हे नाव बहुधा रेल्वेतून उतरण्याचे ठिकाण एवढ्यापुरते असते. ते अन्यायाचे आहे. समुद्राकडे जाणारे पाणी जिथून येते तो मुलूख पाहायचा असेल, तर कणकवलीतच थांबावे लागते.

जिल्ह्याचे मुख्यालय इथे नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हा राजधानीचा मान दक्षिणेला कुडाळ तालुक्यातील ओरोसला मिळाला आणि तिथे सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. जिल्हाधिकारी, न्यायालय, जिल्हा परिषद सारे तिकडे गेले. बाजार कणकवलीतच राहिला. दाखला काढायला ओरोस आणि लग्नाचा बस्ता बांधायला कणकवली, अशी आसपासच्या गावांची सरळ वाटणी आहे.

नद्या. मुंबईकडून येताना आधी जानवली नदीचा पूल लागतो, मग शहर, आणि शहर संपताच गड नदीचा पूल. गड नदी सह्याद्रीच्या पायथ्याशी नरडव्याच्या बाजूने येते, कणकवलीजवळून पश्चिमेला वळते, वरवडे परिसरात जानवलीला पोटात घेते आणि मालवण तालुक्यात मसुऱ्यावरून कालावलच्या खाडीला मिळते. खाडीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन किल्ले आहेत : मसुऱ्याचा भरतगड सावंतवाडीच्या सावंतांचा, तर पलीकडचा भगवंतगड बावड्याच्या अमात्यांचा. नदीच हद्द होती, आणि हद्दीवर दोन्ही घराण्यांनी एकमेकांवर डोळा ठेवला होता.

वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात नदीची दोन रूपे दिसतात. आषाढ–श्रावणात पाणी तांबडे, दुथडी, काठावरच्या मळ्यांत शिरणारे. वैशाखात तीच नदी खडकांमधल्या कोंडांपुरती उरते. गुरे, धुणी आणि पोहणारी पोरे सगळी त्या कोंडांभोवती. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते, कारण उतार तीव्र आणि समुद्र जवळ. म्हणून भात कापून झाल्यावर गावकरी वहाळांवर दगड–मातीचे बंधारे घालतात, आणि त्या साठ्यावर वायंगणी (उन्हाळी) भात, कुळीथ, भुईमूग, मुळा, लाल भाजी निघते. मोठ्या धरणांची कहाणी रेंगाळलेली आहे. गड नदीवरचा नरडवे प्रकल्प पुनर्वसनाच्या प्रश्नांसह वर्षानुवर्षे चालत राहिला आणि धरणग्रस्तांचे आंदोलन हा तालुक्याच्या राजकारणाचा नेहमीचा विषय झाला.

नदीचे खरे कौतुक पाहायचे तर मिरगात (मृग नक्षत्रात) यावे. पहिला जोरदार पाऊस झाला की मासे प्रवाहाविरुद्ध वहाळात आणि तिथून थेट शेताच्या कोपऱ्यांत चढतात. हे चढणीचे मासे. रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे निघतात, अरुंद वाटेवर बांबूचे सापळे लावतात, कुणी नुसत्या हाताने पकडतो. सकाळी घरोघर तिरफळ घातलेल्या आमटीचा वास. रुचीचा प्रश्नच नाही, पण हा मासा गाबोळीने भरलेला असतो आणि अंडी घालायलाच तो वर येत असतो. एका रात्रीच्या मौजेत पुढच्या हंगामाचे बी संपते, हे जुन्या माणसांनाही पटू लागले आहे. पाहुण्याने बघायला जरूर जावे. टोपली भरण्याची घाई करू नये.

बाजार व दळणवळण. कणकवलीचा आठवडा बाजार मंगळवारी भरतो. खाडीपट्ट्यातून सुकी मासळी येते (गोलमा, सुकट, खारवलेले बांगडे), गावांतून कोकमाची सोले, काळे वाटाणे, कुळीथ, सुपे आणि रोवळ्या, तर फोंडाघाट उतरून येणाऱ्या रस्त्याने कोल्हापूरकडचा गूळ, कांदा आणि भाजीपाला. एका पालावर घाटाची बोली, शेजारच्या पालावर मालवणी. दर ठरवताना दोघेही आपापल्या बोलीत बोलतात आणि व्यवहार अडत नाही. घाट आणि खाडी यांच्या मधला हा अडत्या म्हणूनच कणकवली वाढली.

महामार्गाच्या चौपदरीकरणानंतर उड्डाणपूल बाजारपेठेच्या डोक्यावरून जातो. गोव्याला निघालेली गाडी आता गाव न बघताच पुढे सटकते; खालच्या हॉटेलवाल्यांची त्यावरची मते छापण्याजोगी नाहीत. रेल्वे इथे कोकण रेल्वेच्या खेड–सावंतवाडी टप्प्याबरोबर डिसेंबर 1996 मध्ये आली आणि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. गणपतीत चाकरमान्यांची आणि मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत भाविकांची गर्दी याच स्थानकावर उतरते. चिपी येथील विमानतळ (2021) वेंगुर्ले तालुक्यात आहे.

गोपुरी. शहराला लागून, वागदे येथे, गोपुरी आश्रम आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (1894–1971) यांनी तो 1948 मध्ये स्थापन केला. त्याआधी रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले होते. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनी डिसेंबर 1932 मध्ये उपवास आरंभला. सरकारला वाकावे लागले. गोपुरीत त्यांनी तेच सूत्र पुढे नेले : मेलेल्या जनावराचे कातडे सोडवणे, त्याच्या हाडा–मांसाचा उपयोग, मैल्याचे खत करणारे स्वस्त संडास, गोबरगॅस. ज्या कामाचा विटाळ मानला गेला ते काम उच्चवर्णीयाने हाताने करून दाखवायचे, आणि शिवाय ते फायद्याचे ठरवायचे, असा हा दुहेरी बेत होता. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र. कणकवलीत एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर ते हे असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आज स्वच्छतेच्या मोहिमांना जे सांगावे लागते ते इथे किती तरी आधी करून पाहिले गेले होते.

शहरात परमहंस भालचंद्र महाराजांचे (निधन 1977) समाधिस्थान आहे. कोकणातून आणि मुंबईतून भक्त येतात. ग्रामदैवत स्वयंभू. तबलावादक वसंतराव आचरेकर यांच्या नावाचे सांस्कृतिक प्रतिष्ठान नाटक आणि संगीताचे उपक्रम चालवते. गावांत हिवाळ्याच्या जत्रांतून दशावतार असतोच.

परिसर. सावडावचा धबधबा पावसाळ्यात गर्दीचा, शनिवार–रविवार टाळावा. तळेरे आणि नांदगाव ही महामार्गावरची फाट्यांची गावे, अनुक्रमे गगनबावडा–विजयदुर्ग आणि देवगड रस्त्यांची. कासार्डे येथे सिलिका वाळूच्या खाणी आहेत.

तालुक्याचे सर्वांत जुने गाव म्हणावे असे खारेपाटण उत्तर टोकाला, शुक नदीच्या काठी आहे. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते इथवर येत. शिलाहार राजा रट्टराज याचा शके 930 (इ. स. 1008) चा ताम्रपट इथे सापडला, दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ त्यावरूनच हाती आली. हा ताम्रपट पहिल्यांदा विद्वानांपुढे मांडणारे बाळशास्त्री जांभेकर हे मूळचे शेजारच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्या शिलाहारांची राजधानी बलिपत्तन म्हणजे हेच खारेपाटण, असे वा. वि. मिराशींनी मांडले. उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा शके 1016 चा ताम्रपटही इथलाच. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे खाली अडू लागली आणि बंदर मेले. गाळाने उथळ झालेले पात्र दर पावसाळ्यात त्याची आठवण करून देते : जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाणी उतरायला वाट राहत नाही, आणि बाजारपेठेतले व्यापारी माल माळ्यावर चढवू लागतात.

भेट. घाईचा प्रवासी एका दिवसात गोपुरी, बाजार आणि खारेपाटण उरकू शकतो, पण वाहनाने आचरा रस्त्याला लागून नदीच्या कलाने खाली मसुऱ्यापर्यंत जाणे अधिक फळते. हवामान नवरात्रापासून माघापर्यंत सुखद. चैत्र–वैशाखात उकाडा, पण आंबा, काजू आणि जांभळेही तेव्हाच. शाकाहाऱ्यांनी काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी मागावी. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगितल्यास नारळाच्या रसातले शिरवाळे मिळतात. फोंडाघाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची चौकशी करावी.