व्हॉल्व्ह जळणे
व्हॉल्व्ह जळणे हा अंतर्ज्वलन इंजिनातील एक बिघाड आहे. यात बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला तप्त वायूंच्या झोताने खाच पडते व त्या सिलिंडरमधील संपीडन घटते.

चालू इंजिनात ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणारा हा व्हॉल्व्ह आपली बहुतांश उष्णता बंद असताना सीटमार्फत सिलिंडर हेडला देतो. तो सीटवर पूर्ण टेकला नाही की जळू लागतो. कार्बन साचणे, गाइड झिजणे ही कारणे आहेतच. पण सहज टाळता येण्याजोगे कारण म्हणजे टॅपेटची अपुरी फट. सीट झिजत जाते तशी ही फट कमी होते आणि टॅपेटचा आवाजही मंदावतो, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. आवाज घालवण्यासाठी फट प्रमाणापेक्षा कमी ठेवल्यासही हेच घडते.

शिसेयुक्त पेट्रोलमुळे बसणारा शिशाचा थर सीटची झीज रोखत असे. भारतात २००० साली ते पेट्रोल बंद झाल्यावर मऊ सीटच्या जुन्या इंजिनांना हे संरक्षण उरले नाही.