पत्त्यांची वांटणी

नव्या मुंबईंत महापे, रबाळे, ऐरोली या भागांत आज डाटा सेंटरें, म्हणजे संगणकांचीं प्रचंड कोठारें, उभीं आहेत. पूर्वीं या परिसरांत शेतें व मिठागरें होतीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठीं ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं भूमिपुत्रांनीं लढा दिला. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जणांचा बळी गेला. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याचें तत्त्व मान्य झालें.

या कोठारांच्या कारभारामागें आणखी एका वांटणीचा इतिहास आहे. ती इंटरनेटवरील पत्त्यांची. या जाळ्यांत संदेश पोंचण्यास संगणकाला टपालाच्या पत्त्यासारखा एक क्रमांक लागतो. १९८१ सालीं ठरलेल्या पद्धतींत असे क्रमांक सुमारें ४२९ कोटीच होऊं शकत. परंतु त्या वेळीं तो सांठा अक्षय वाटला. अमेरिकेंतील एम. आय. टी. या एकट्या विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लक्षांहून अधिक पत्ते गेले. भारतांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. उशिरां आलेल्यांना उरलेल्यांतूनच मागावें लागलें.

फेब्रुवारी २०११ मध्यें जागतिक कोठार रितें झालें. एप्रिलांत आशिया-पॅसिफिक विभागाच्या ‘एपनिक’ संस्थेनें आपल्या शेवटच्या सांठ्यासाठीं नियम लागू केला: मागणारा केवढाहि मोठा असो, त्यास फार तर १,०२४ पत्ते मिळतील. २०१९ सालीं ही मर्यादा ५१२ झाली. दरम्यान, २०१२ सालीं भारतांतील संस्थांसाठीं ‘आयरिन’ ही नोंदणीसंस्था सुरू झाली होती.

कोणी म्हणेल, आयपीव्ही-६ या नव्या पद्धतींत पत्त्यांस तोटा नाहीं, मग चिंता कशाची? परंतु केवळ जुनी पद्धति जाणणारीं यंत्रें नव्या पत्त्याशीं थेट बोलूं शकत नाहींत. म्हणून लहान संस्थेसहि थोडे जुने पत्ते लागतातच. ते नसल्यास एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक बसवावे लागतात, नाहीं तर बाजारांतून पत्ते विकत घ्यावे लागतात. एम. आय. टी. नें २०१७ सालीं आपले किमान ८० लक्ष पत्ते जादा असल्याचें सांगून ते विकावयास काढले!

पंगतींत शेवटच्या पानाची आठवण ठेवून वाढप्यानें हात राखून वाढावयाचें असतें. जमिनीच्या वांटणींत ही आठवण गोळीबारानंतर झाली, पत्त्यांच्या वांटणींत भांडें तळाशीं गेल्यावर. पुढील वांटणींत तरी ती आरंभींच व्हावी.